काही झालं नाही, म्हणून ते बरोबर होतं का?



आजच्या नोंदीत खत नाही, फवारणी नाही. रस्त्यावरचं लिहितोय. पण गोष्ट फिरून माझ्या रानाच्या कोपऱ्यावरच येऊन थांबणार आहे, त्यामुळं शेवटपर्यंत वाचा. काही जणांना राग येईल. येऊ दे. मला स्वतःचाही आलाय.

आधी जागा सांगतो. आमचं रान सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या पट्ट्यात. रानाच्या कडेनं कारखान्याला जाणारा दुपदरी रस्ता. ओढ्यावर एक अरुंद पूल, पुलाला लागूनच वळण, आणि वळण संपलं की गावापर्यंत जवळजवळ अर्धा किलोमीटर सरळ रस्ता. त्या सरळ भागात आमच्या रानाच्या कोपऱ्याशी एक पाणंद येऊन मिळते. हंगामात या रस्त्यावर रात्रंदिवस ऊस चालू असतो. ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, वेग पंधरा-वीस. त्यामागं मोटरसायकली, जीपा, एसट्या, दुधाच्या गाड्या. साइड मारल्याशिवाय इथं कुणाचंच काम होत नाही, हे आधीच कबूल करतो.

गेल्या हंगामात, जानेवारीत, दहा दिवसांच्या आत या एकाच रस्त्यावर दोन ओव्हरटेक माझ्या डोळ्यांदेखत झाले.

पहिला. संध्याकाळची वेळ, मी स्वतः ट्रॅक्टरवर, भरलेल्या दोन्ही ट्रॉल्या घेऊन कारखान्याकडं निघालेलो. मागं वडापची जीप, आत माणसं दाटीवाटीनं, मागच्या पायरीवर दोघं लोंबकळलेले. हॉर्नवर हॉर्न. वळण सुरू झालं, पुढं पूल, आणि जीपवाल्यानं साइड काढली. तो माझ्या इंजिनाच्या बरोबरीला आला आणि पुलावरनं एसटी बाहेर पडली. एसटीच्या ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, डावी चाकं साइडपट्टीच्या खड्ड्यात उतरवली, गाडी तिरकी झाली, पण थांबली. जीप मधल्या फटीतनं निघून गेली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

दुसरा. सकाळी सातचा सुमार. मी रानात, ऊस भिजवायला. पुलाकडनं एक रिकामा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन गावाकडं येत होता. त्याच्यामागं शेजारच्या वस्तीवरचे एक दूधवाले, मोटरसायकलला दोन्ही बाजूंना कॅन. वळणभर ते मागं थांबून राहिले. सरळ रस्ता लागला, पुढं गावापर्यंत मोकळं दिसलं, तेव्हा इंडिकेटर लावला, हॉर्न दिला आणि बाहेर निघाले. एवढ्यात पाणंदीतनं एक पोरगा मोटरसायकल घेऊन न थांबता थेट रस्त्यावर आला. त्याला पुलाकडं जायचं होतं. त्यानं उजवीकडं बघितलं असेल, कारण त्याच्या बाजूची गाडी उजवीकडनंच येणार. डावीकडं बघितलं नाही. दूधवाल्यांनी ब्रेक मारला, कॅनच्या वजनानं गाडी घसरली. पोराचं मनगट मुरगळलं. दूधवाल्यांच्या मांडीचं हाड मोडलं. रस्त्यावर दूधच दूध.

आता निकाल ऐका. चहाच्या टपरीवरचा.

जीपवाल्याबद्दल: "पोरगं लई तयारीचं हाय. कट बघितला का? असली जिगर लागती वडाप चालवायला." जीपमधल्या कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं, ते दोन दिवस गाणं लावून स्टेटसला फिरत होतं.

दूधवाल्यांबद्दल: "घाई नडली बघा. दोन मिनिटं थांबला असता तर काय दूध नासलं असतं?"

याच निकालाविरुद्ध मी हे लिहितोय. माझ्या मते दोन्ही निकाल उलटे आहेत. ज्यानं आंधळा डाव खेळला त्याचं कौतुक झालं, आणि ज्यानं बघून, थांबून, विचार करून साइड मारली त्याला गावानं उतावळा ठरवलं. का? तर एकाचं काही झालं नाही आणि एकाचं झालं. आपण ओव्हरटेक तपासतच नाही. आपण फक्त पंचनामा बघतो. पंचनामा नसला की सगळं माफ.

शेतकऱ्याला हे कळायला अवघड जाऊ नये. कृषी विभाग दर जूनला सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. एकजण तीस-चाळीस मिलिमीटरवर सोयाबीन टाकतो. पुढं पाऊस लागून राहिला, उगवण झाली, गडी शहाणा ठरला. पुढच्या वर्षी तोच माणूस, तीच घाई, तेवढीच ओल. पावसानं वीस दिवस दडी मारली, दुबार पेरणी आली, गडी मूर्ख ठरला. दोन्ही वर्षी निर्णय एकच होता. बदललं ते आभाळ. पहिल्या वर्षी आपण आभाळाचं श्रेय त्याच्या खिशात घातलं, आणि त्याचं बघून शेजारच्या चौघांनी घाई केली. खरं नुकसान तिथं झालं.

माझी नोंदवही वाचणाऱ्या कृषी सहायकांना आणि दुकानदारांना तर हे रोजचं आहे. एका प्लॉटवर टॉनिक मारलं, उतारा चांगला पडला, झालं, टॉनिक भारी. शेजारी न मारलेला प्लॉट ठेवला होता का? नव्हता. मग उतारा टॉनिकचा की पावसाचा, सांगणार कसं? रानात हा प्रश्न विचारायला आपण आता शिकलोय. रस्त्यावर आलो की विसरतो. "मी वीस वर्षं असाच चालवतोय, मला कधी काय झालं का?" हे वाक्य म्हणजे कंट्रोल प्लॉट नसलेला प्रयोग आहे.

आता हिशेब मांडतो. मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो.

भरलेला ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरनं चाललाय. म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. जीप ताशी ६०, सेकंदाला साधारण पावणेसतरा मीटर. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून लांबी सोळा मीटर धरा. वीस मीटर मागनं बाहेर निघायचं, वीस मीटर पुढं जाऊन आत शिरायचं, जीपची स्वतःची लांबी चार. एकूण साठ मीटरची आघाडी घ्यायची. दोघांच्या वेगातला फरक सेकंदाला अकरा मीटर. म्हणजे साडेपाच सेकंद. तेवढ्यात जीप स्वतः ९० मीटर जाते. समोरनं ६० नंच येणारी एसटीही तेवढ्या वेळात ९० मीटर पुढं येते. बेरीज १८० मीटर. तीच एसटी ८० नं असेल तर २१० च्या वर.

आणि हे सगळं जीप आधीपासूनच ६० नं पळत असेल तर. प्रत्यक्षात ती माझ्यामागं वीसनं रांगत होती. वेग घेण्यात आणखी तीन-चार सेकंद गेले. म्हणजे तीनशे मीटर मोकळा रस्ता दिसायला हवा होता. माझ्या ट्रॅक्टरवरनं, उंचावरनं, त्या वळणावर फार तर शंभर मीटर दिसतात. मागच्या जीपला त्याहून कमी. रस्ता बांधणारे इंजिनिअरसुद्धा ताशी ६० च्या रस्त्यावर सुरक्षित ओव्हरटेकला ३०० मीटर आणि ८० च्या रस्त्यावर ४७० मीटर मोकळी नजर धरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात हे आकडे आहेत.

मग जीप वाचली कशी? एसटीच्या ड्रायव्हरनं वाचवली. त्यानं ब्रेक दाबला, गाडी खड्ड्यात घातली, चाळीस-पन्नास प्रवाशांना धक्का बसू दिला. जीपवाल्यानं जो रस्ता वापरला तो त्याचा नव्हताच, एसटीवाल्यानं तो सोडून दिला. स्टेटसला गाणं लागलं जीपवर. एसटीवाल्याचं नाव टपरीवर एकदाही निघालं नाही. उलट एकजण म्हणाला, "एसटीवालं भ्यालं."

याउलट दूधवाले. पन्नासच्या वेगानं वीसचा ट्रॅक्टर ओलांडायला त्यांना सहा सेकंद आणि ऐंशी मीटर लागणार होते. समोर ऐंशीच्या वेगानं गाडी आली असती तरी बेरीज सव्वादोनशेच्या आत. त्यांच्यापुढं मोकळा रस्ता होता चारशे मीटर. हिशेब चुकला नव्हता. चुकलं ते पाणंदीच्या तोंडाशी, आणि त्याबद्दल खाली बोलतोच.

"मग काय तासभर ट्रॉलीमागं बसायचं का?" हा प्रश्न येणार. रास्त आहे. दहा किलोमीटर ट्रॅक्टरमागं चाललात तर अर्धा तास, आणि मोकळ्या रस्त्यानं दहा मिनिटं. वीस मिनिटांचा फरक आहे, तो काही खोटा नाही. दवाखान्याला निघालेल्या माणसाला, पेपरला निघालेल्या पोरीला वीस मिनिटं म्हणजे फार. म्हणून ओव्हरटेक म्हणजे पाप असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच: ओव्हरटेक ज्या क्षणी सुरू केला, त्या क्षणी माणसाला काय दिसत होतं, यावर त्याला जोखा. पुढं काय झालं यावर नको.

कायदाही हेच म्हणतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याचं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियम मोडून केलेला ओव्हरटेक त्यात स्पष्ट शब्दांत आला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. त्यात "अपघात झाला पाहिजे" अशी अट नाही. वळणावर, चढाच्या माथ्यावर, पुढचं दिसत नसताना साइड काढली, तिथंच गुन्हा पुरा झाला. पण प्रत्यक्षात कागद निघतो तो माणूस पडल्यावरच. आपल्या मनातही तसंच.

२०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघातांची नोंद झाली, १,६८,४९१ माणसं गेली. हे झालेल्या अपघातांचे आकडे. हुकलेल्यांची नोंद कुठल्याच वहीत नाही. आमच्या पुलावर त्या संध्याकाळी जीप आणि एसटी मिळून साठ-सत्तर माणसं होती, त्यांची नोंद फक्त स्टेटसला, चोवीस तास. रोगाचा पहिला ठिपका पानावर दिसला की आपण फवारणीला धावतो, फळ सडायची वाट बघत नाही. रस्त्यावर मात्र पहिल्या ठिपक्याला टाळ्या.

लोकांच्या निकालाचा दुसरा नियमही ठरलेला आहे. अपघात झाला की जी गाडी मोठी, तिची चूक. मोटरसायकल आणि जीप असेल तर जीपवाला, जीप आणि ट्रक असेल तर ट्रकवाला. कोण कुठनं आला, कुणाला काय दिसत होतं, हे विचारायच्या आधी काच फुटलेली असते आणि ड्रायव्हरच्या दोन कानाखाली बसलेल्या असतात. जानेवारी २०२४ मध्ये देशभरातल्या ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली, ती अपघातानंतर पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवणाऱ्या नव्या कलमाविरुद्ध. त्यांचं म्हणणं होतं, थांबलो तर जमाव मारतो. त्यांचं सगळंच खरं होतं असं नाही. पण "जमाव मारतो" हे खोटं आहे, असं छातीवर हात ठेवून सांगणारा आपल्यात कोण आहे? आपण मारतो म्हणून तो पळतो, आणि तो पळतो म्हणून जखमी माणूस रस्त्यावर पडून राहतो.

इथंवर दुसऱ्यांबद्दल झालं. आता आपल्याकडं बघू. ऊसवाले म्हणून आपण काय करतो?

ट्रॉलीला मागं दिवा नसतो. असला तर वायर तुटलेली. वायर धड असली तर दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या उसानं दिवा झाकलेला. रात्री ६० नं येणाऱ्याला समोरून येणाऱ्या हेडलाइटच्या झोतात आपली ट्रॉली दिसते ती पन्नास मीटरवर, कधी त्याहून कमी. ६० च्या वेगात गाडी थांबायलाच तेवढं अंतर लागतं. तो मग ब्रेक मारण्याऐवजी उजवीकडं ओढतो, आणि आपण म्हणतो, काय ओव्हरटेक मारला हरामखोरानं. अहो, त्यानं ओव्हरटेक नाही मारला, जीव वाचवला. तो डाव त्याच्यावर आपण लादला. लाल रिफ्लेक्टर पट्टीचा खर्च एका खेपेच्या डिझेलपेक्षा कमी आहे.

ट्रॅक्टर रस्त्यात बंद पडला की चारी बाजूंना दगड लावतो. दुरुस्ती झाली की ट्रॅक्टर जातो, दगड तिथंच. पाठोपाठ तीन ट्रॅक्टर जातात तेव्हा मध्ये दहा मीटरही सोडत नाहीत. मागच्याला एका वेळी एक ओलांडून मध्ये शिरायला जागाच नाही, मग तो तिन्ही एकदम ओलांडायला बघतो. तुम्ही साठ-सत्तर मीटर अंतर ठेवलं तर त्याला विसावा मिळतो. कारखान्यावर नंबर काही पळून जात नाही. गेलो तरी गव्हाणीपुढच्या रांगेत तासन् तास बसायचंच आहे.

भरलेली ट्रॉली साइडपट्टीवर उतरवता येत नाही, हे मला माहीत आहे. पट्टी रस्त्यापेक्षा अर्धा फूट खाली, एक चाक उतरलं तर ट्रॉली आडवी. त्यामुळं "बाजूला घ्या" म्हणणं सोपं आहे. पण पेट्रोल पंप, गावचा फाटा, वजनकाट्याची मोकळी जागा, अशा ठिकाणी मिनिटभर बाजूला घेऊन मागची रांग सोडता येते. आमच्या टोळीच्या ट्रॅक्टरवाल्यांशी बोललो, दोघांनी सुरू केलंय. मिनिट जातं. शिव्या कमी येतात.

आणि आता हाताचं. याच्यासाठी मी इतके दिवस लिहायचं टाळलं.

मागचा गाडीवाला पुढचं बघू शकत नाही, म्हणून आपण हात करतो, "ये पुढं." किंवा दिवा लावतो. आमच्याकडं ट्रकवाल्यांची जुनी भाषा अशी की डावा इंडिकेटर म्हणजे जा पुढं, उजवा म्हणजे थांब, समोरनं गाडी आहे. काही जण उजवाच लावतात "ये" म्हणून. आणि नियमानं उजवा म्हणजे मी उजवीकडं वळतोय. एक दिवा, तीन अर्थ. मागच्यानं कुठला धरायचा? हाताचंही तसंच. हात करणाऱ्याला वाटतं आपण उपकार केला. मागच्याला वाटतं समोरचं बघितलंय यानं. तो उसन्या नजरेवर जीव लावतो. आणि नजर उसनी देणाऱ्याचं काहीच पणाला लागलेलं नसतं.

त्या संध्याकाळी वळणावर जीपवाल्याला हात मी केला होता.

हॉर्ननं डोकं उठलं होतं. जा बाबा एकदाचा, म्हणून डावा हात हँडलवर ठेवून उजव्यानं पुढं जायची खूण केली. समोर बघून केली का? पूल दिसत होता. पुलापलीकडचं दिसत नव्हतं. म्हणजे बघून केली नाही. मला त्याला रस्ता दाखवायचा नव्हता, माझ्या मागनं घालवायचा होता. जीपवाल्यानं डोळे झाकून डाव खेळला हे खरंच, दुसऱ्याच्या हातावर त्यानं इतकी माणसं लावायला नको होती. पण खूण माझी होती. आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर "जिगर लागती" म्हणून हसत होते, तेव्हा मी चहा पीत गप्प बसलो. काही झालं नव्हतं ना.

एसटी उलटली असती तर मी हात केल्याचं कुणाला सांगितलं असतं का? याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

दूधवाल्यांच्या वेळी मात्र गप्प बसलो नाही. पोलीस आले तेव्हा पाच-सहा जण "गाडी लई वेगात होती" म्हणून सांगायला तयार होते. त्यातले दोघं अपघात झाला तेव्हा गावात होते, रस्त्यावर नव्हतेच. मी जे बघितलं ते सांगितलं: वळणावर थांबले, रस्ता मोकळा बघितला, इंडिकेटर लावला, हॉर्न दिला, पोरगा पाणंदीतनं न थांबता आला. पोराच्या घरचे अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. पोरगा वाईट नाही हो. त्याला डावीकडचं दिसलंच नाही.

का दिसलं नाही? कारण तिथं माझा ऊस उभा होता.

पाणंदीच्या तोंडापर्यंत, रस्त्याच्या चरीपर्यंत मी लागण केलेली. दहा-बारा फूट उंच ऊस, मधनं मांजरसुद्धा दिसायचं नाही. पाणंदीतनं येणाऱ्याला पुलाकडचा रस्ता दिसायचा तो गाडीचं पुढचं चाक डांबरावर आल्यावर. आणि दूधवाल्यांना पाणंदीचं तोंड दिसत नव्हतं तेही त्याच उसामुळं. त्यांचा हिशेब समोरच्या चारशे मीटरचा बरोबर होता. बाजूनं कुणी येईल, हे तिथं पाणंद आहे हे माहीत असताना त्यांनी धरायला हवं होतं, एवढी त्यांची चूक मी धरतो. तेवढीच. बाकीची वाटणी पोराची आणि माझी.

गावानं दूधवाल्यांना "घाई नडली" म्हणून सोडून दिलं. चार महिने पाय वर टांगून ते घरात होते. शहरातला रतीब तुटला, गिऱ्हाइकं पिशवीच्या दुधावर गेली. दोन म्हशी विकल्या. त्यांना भेटायला गेलो तेव्हा ते मला विचारत होते, "खरंच मी घाई केली का हो?" गाव म्हणतंय म्हटल्यावर माणसाला स्वतःचंसुद्धा खरं वाटेनासं होतं. मी म्हटलं, नाही. आणि कोपऱ्याचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत.

तर रानाची नोंद अशी. ऊस तुटून गेल्यावर पाणंदीच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण मी मोकळा केला. पाणंदीकडनं पंधरा मीटर, रस्त्याकडनं पंधरा मीटर. क्षेत्र निघालं सव्वा गुंठ्याच्या आत. एकरी चाळीस टनाच्या हिशेबानं टनभर ऊस, तीन-साडेतीन हजार रुपयांचा. तिथले खोडव्याचे बुडखे काढून टाकले, पावसाळ्यात भुईमूग केला, आता हरभरा आहे. गुडघ्याच्या वर काही जात नाही. पाणंदीतनं येणाऱ्याला पुलाच्या वळणापर्यंत सगळं दिसतं. शेजारच्या बांधावर शेवरीची दाट ओळ होती, तीही त्यांनी माझं ऐकून कोपऱ्यापुरती छाटली. ऊसवाल्या, मकावाल्या सगळ्यांना सांगणं आहे, रस्त्याच्या आणि पाणंदीच्या कोपऱ्यावर उंच पीक घेऊ नका. कृषी सहायक मंडळींनी लागणीच्या बैठकीत बेण्याबरोबर, सरीच्या अंतराबरोबर हेही सांगावं. सरीचं अंतर सांगता, मग नजरेचं अंतर सांगायला काय हरकत आहे?

आणि टपरीवर बसणाऱ्यांना एवढंच. पुढच्या वेळी कुणी कट मारल्याची गोष्ट रंगवून सांगायला लागला, तर "मग काय झालं?" असं विचारू नका. "तुला पुढचं किती दिसत होतं?" असं विचारा. समोरच्या गाडीला ब्रेक मारावा लागला का, हे विचारा. लागला असेल तर तो ओव्हरटेक फसलेलाच होता, दुसऱ्या कुणीतरी तो सावरला. आणि पडलेल्या माणसाबद्दल बोलायच्या आधीही हाच प्रश्न विचारा. कधी उत्तर त्याच्या बाजूनं निघेल.

मी आता हात करत नाही. मागच्यानं कितीही हॉर्न मारला तरी नाही. जागा मिळाली की बाजूला घेतो, नाही मिळाली तर त्यानं बघून यावं.

काल संध्याकाळी तीच वडापची जीप माझ्यामागं होती, त्याच वळणावर. पोरगं हॉर्न मारत होतं. आरशात बघितलं, मुंडी बाहेर काढून माझ्या हाताची वाट बघत होतं. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. पूल ओलांडून फाट्यावर बाजूला घेतलं. जाताना त्यानं शिवी दिली.

हरभऱ्याला उद्या पाणी. घाटे भरायला लागलेत, थोडी अळी दिसतेय, त्याची नोंद पुढच्या वेळी.